आल्या पावली

श्वास आत घेतला की त्यातले पाचातले जवळजवळ चार भाग तोच असतो. नाकातून येतो, छातीच्या तळापर्यंत उतरतो. तिथं रक्ताच्या दाराशी ऑक्सिजनची देवघेव चाललेली असते. हा मात्र काही न देता, काही न घेता आल्या पावली बाहेर पडतो. पहिल्या रडण्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत त्याचा हाच रिवाज. आपल्याकडे इतक्यांदा येऊन गेलेला दुसरा कुणी नाही, आणि इतक्यांदा येऊनही पाण्याचा घोट न घेतलेला दुसरा कुणी नाही.

मराठीनं त्याच्याकडे फार बारकाईनं पाहिलं आहे असं मला नेहमी वाटतं. हवेत असतो तेव्हा तो नायट्रोजन, जुन्या क्रमिक पुस्तकांतला नत्रवायू. मातीत उतरला की ते नत्र. आमच्या खटाव तालुक्यात कुठल्याही पारावर बसा, नत्र-स्फुरद-पालाश ही तीन नावं एकाच घरातल्या भावंडांसारखी एका दमात घेतली जातात, आणि त्यांत पहिलं नाव नेहमी नत्राचं. पण आपल्या डोक्यावरचा ‘तो’ आणि आपल्या वाफ्यातलं ‘ते’ ही एकच व्यक्ती आहे, हे बोलताना कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. ‘तो’चं ‘ते’ व्हायला काय पडतं, हे समजायला मला रसायनशास्त्राची पदवी आणि आमच्या आबांचं रान, दोन्ही लागलं.

नावांच्या बाबतीत त्याचं नशीब वाईट. १७७२ साली एडिंबरोमध्ये डॅनियल रदरफोर्ड या बाविशीतल्या विद्यार्थ्यानं बंद भांड्यातल्या हवेत उंदीर ठेवला. उंदीर गुदमरून मेला. उरलेल्या हवेत त्यानं मेणबत्ती जळू दिली, मग फॉस्फरस जळू दिला, आणि शेवटी ती हवा अल्कलीच्या द्रावणातून काढून धुऊन घेतली. एवढं करूनही भांड्यात बरीच हवा शिल्लक होती, आणि तिच्यात ना ज्योत टिकत होती ना जीव. त्यानं तिला अपायकारक हवा म्हटलं. पुढं लाव्हाझिए यांनी ग्रीक शब्द घेऊन ‘अझोत’ म्हणजे निर्जीव असं नाव ठेवलं, आणि फ्रेंच लोक आजही त्याला त्याच नावानं हाक मारतात. जर्मन भाषेत तो ‘श्टिकश्टोफ’, श्वास कोंडणारा पदार्थ. ज्याच्यावाचून एकही पेशी उभी राहत नाही त्याला सगळ्यांनी मिळून मरणाची नावं दिली. त्यानं कुणाला मारलं नव्हतं. उंदीर मेला तो ऑक्सिजन संपल्यामुळे, हा फक्त तिथं उभा होता.

कर्तबगारीवरून पडलेलं नाव एकच. १७९० साली शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याला ‘नित्रोजेन’ म्हटलं, म्हणजे सोऱ्याला जन्म देणारा. सोरा आपल्याला परका नाही. जुन्या गोठ्याच्या भिंतीला, जिथं वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरलेलं असतं, तिथं पांढरा लोणा फुटतो, त्यात हाच सोरा असतो. बिहारमध्ये अशी माती खरवडून, धुऊन, आटवून सोरा काढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि पाटण्याचा तो माल न्यायला इंग्रज आणि डच कंपन्यांची गलबतं ताटकळत असत. कारण सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र केला की बंदुकीची दारू होते. गोठ्यातलं मूत आणि तोफेतली दारू यांच्यामध्ये मातीतले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू काम करत होते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आता स्वभावाकडे येतो. नायट्रोजनचा अणू हवेत एकटा कधी सापडत नाही. दोघं असतात, आणि दोघांनी एकमेकांना तीन हातांनी धरलेलं असतं. ही मिठी सोडवायला एका मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते, ऑक्सिजनच्या जोडीला लागते तिच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तो कुणाशी बोलत नाही. त्यात तुसडेपणा शोधू नये. त्याचं सगळं जग त्याच्या जोडीदारात आहे, एवढंच. या अलिप्तपणाचा आपण उपयोगही करून घेतला आहे. वेफर्सच्या फुगीर पुडीत बहुधा तोच भरलेला असतो, कारण तो तेलाला खवट होऊ देत नाही. आणि उणे १९६ अंश सेल्सिअसला त्याचं पाणी झालं की त्यात गाई-म्हशींच्या रेतमात्रा वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मोटारसायकलला कंटेनर बांधून वस्तीवर येणारे डॉक्टर त्याचं झाकण उघडायचे तेव्हा पांढऱ्या वाफेचा लोळ काठावरून खाली ओघळायचा. आम्ही पोरं तो बघायला धावायचो. तोच तो, जो आमच्या छातीत होता, हे आम्हाला कोण सांगणार!

एक हिशेब मी कॉलेजात असताना मांडला आणि त्या रात्री नीट झोपलो नाही. आमच्या एका एकर रानावर जेवढी हवा उभी आहे, तिच्यात जवळपास ३० हजार टन नायट्रोजन आहे. आणि त्या एका एकरात ज्वारी पिवळी पडते ती २०-३० किलो नत्र कमी पडलं म्हणून. पिकाची पानं त्या ३० हजार टनांत रात्रंदिवस हलत असतात. एक कणही त्यांना घेता येत नाही. समुद्रात उभ्या असलेल्या तहानलेल्या माणसाची गोष्ट आपण ऐकतो. इथं तर अख्खी सृष्टीच तशी उभी आहे.

मग ‘तो’चं ‘ते’ करतं कोण? एक करते वीज. तिच्या वाटेवरची हवा इतकी तापते की जोड्या फुटतात, फुटलेले अणू ऑक्सिजनला धरतात आणि पावसाबरोबर खाली येतात. वळवाच्या कडाडत्या पावसानंतर रान वेगळंच हिरवं दिसतं असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. त्या हिरवेपणात पाण्याचा आणि तापून निघालेल्या मातीचा वाटा मोठा असतो, विजेचा थोडका. पण थोडका का होईना, असतो.

खरं काम करतात ते जिवाणू. शेंगा येणाऱ्या पिकांना नत्राची ददात का नसते हे कोडं जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सोडवलं. मुळांवरच्या गाठी हा रोग नसून तिथं हवेतला नायट्रोजन धरला जातो, असं त्यांनी दाखवलं. १८८८ सालीच हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढले. पुढं जे कळत गेलं ते एखाद्या सोयरिकीच्या बैठकीसारखं आहे. रोपाचं कोवळं मूळ मातीत एक रसायन सोडतं. ते ओळखणारा रायझोबियम जिवाणू उत्तरादाखल आपलं रसायन सोडतो. खूण पटली तर मूळरोम वाकून त्याला कवेत घेतो, आतून त्याच्यासाठी वाट काढून देतो, आणि मुळावर गाठ धरते. तुरीची खूण एक, हरभऱ्याची दुसरी, सोयाबीनची तिसरी. म्हणून तर बी पेरण्याआधी त्या-त्या पिकाच्या जिवाणूसंवर्धकाचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात आणि सावलीत सुकवतात. उन्हात सुकवलं तर पाहुणे दारातच मरतात.

गाठीच्या आतला कारभार खर्चाचा आहे. नायट्रोजनची एक जोडी सोडवायला जिवाणूला ऊर्जेच्या किमान १६ मात्रा मोजाव्या लागतात. ती ऊर्जा येते झाडाच्या साखरेतून, म्हणजे पानांनी उन्हात कमावलेल्या मिळकतीतून. शिवाय एक नाजूक अडचण असते. मिठी सोडवणारं जे विकर, नायट्रोजनेज, ते ऑक्सिजन लागताच निकामी होतं, आणि जिवाणूला तर श्वासासाठी ऑक्सिजन हवाच. झाडानं यावर काढलेली तोड मला सगळ्या जीवशास्त्रात सुंदर वाटते. ते गाठीत हिमोग्लोबिनच्या घरातलाच एक पदार्थ तयार करतं. तो ऑक्सिजनला धरून ठेवतो आणि मोजून मोजून देतो. काम चालू असलेली गाठ म्हणूनच आतून गुलाबी असते.

सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा हरभरा फुलावर होता. मी एक झाड मुळासकट काढलं, गाठ नखानं फोडली आणि आबांच्या पुढं धरली. आबांनी आयुष्यभर त्या गाठी पाहिल्या होत्या, आतून कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या नखावरचा रंग उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “म्हंजे आपल्यावानीच रगात हाय की रं.” मी शिकलेलं एवढ्या थोड्या शब्दांत मला आजही सांगता येत नाही.

हरभरा काढायची वेळ आली की पोरं आणि मजूर झाड उपटत जायचे. आबा विळा हातात देऊन बजावायचे, “उपटू नगंस. मुळी रानात ऱ्हाऊ दे.” त्यांच्या तोंडी त्याला ‘बेवड’ हा शब्द होता. आधीचं पीक पुढच्या पिकासाठी रानात जे मागं ठेवून जातं तो बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा चांगला, ज्वारीवर ज्वारीचा वाईट. आता मला ठाऊक आहे की पिकानं धरलेल्या नत्रातलं बरंचसं दाण्यांबरोबर घरी येतं, आणि मुळांत-पाल्यात उरतं तेवढंच रानाच्या वाट्याला जातं. पण तेवढं ठेवायचं, हे आबांना त्यांच्या बापानं सांगितलं होतं. ज्वारीच्या सहा ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, बाजरीत मटकी-हुलगा, बांधाला गिरिपुष्प, भाताच्या खाचरात पेरून गाडलेला ताग किंवा धैंचा, ही सगळी त्या अबोल माणसाला घरात बोलावण्याची निमंत्रणं होती. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे यायचे. त्यांची मेंढरं रात्रभर रानात बसवायची आणि बदल्यात धान्य मोजायचं. पहाटे त्या तुकड्यावर गेलं की नाकात झणझणायचं. अमोनियाचा तो वास आमच्या घरात कुणालाही घाण वाटत नसे.

दाण्यातून घरी येतं त्याचं पुढं काय होतं? ते आपण होतो. डाळीतली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांतल्या प्रत्येकात नत्र आहे. आईबापांचं रूप मुलात आणणाऱ्या डीएनएची अक्षरं नत्राशिवाय लिहिता येत नाहीत. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी चार नत्रांचा एक चौरंग असतो आणि त्यावर मॅग्नेशियम बसलेलं असतं. आपल्या रक्तातही तसाच चार नत्रांचा चौरंग असतो, त्यावर बसलेलं असतं लोह. पान हिरवं आणि रक्त लाल, पण पाट एकाच सुताराचा. साठ-पासष्ट किलोच्या माणसात दोनेक किलो नत्र असतं. हवेतून रोज हजारो वेळा येऊन तसाच जाणारा तो या दोन किलोंमध्ये एक गुंजही भर घालत नाही. ती भर वरणातूनच पडते, पिठल्यातून, उसळीतून, दुधातून, मासळीतून.

आत आलेलं नत्र मात्र फार कामसू असतं. पिकाला ते कमी पडलं की पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. याचं कारण कळलं तेव्हा मी शेतात उभा होतो, आणि मला आजी आठवली. जुनं पान आपलं हरितद्रव्य मोडतं, त्यातलं नत्र सोडवतं आणि शेंड्याच्या कोवळ्या पानाकडे पाठवतं. आपण पिवळं पडतं, पोर हिरवं राहतं. पळस, साग, पिंपळ पानं टाकण्याआधी हेच करतात. पानातलं निम्म्याच्या आसपास नत्र फांदीत काढून घेतात आणि मगच पान सोडतात. आपण पाचोळा म्हणून ज्याला लाथाडतो ते पान निरवानिरव करून आलेलं असतं.

इतक्या कष्टानं मिळणारी गोष्ट माणसाला पुरेना तेव्हा त्यानं काय केलं, ही गोष्ट मला थोडक्यात सांगायची आहे, कारण तिच्यात अंधार बराच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपची शेती चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्यावर चालू लागली. १८९८ साली ब्रिस्टलच्या सभेत विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला, की हे साठे संपणार आहेत आणि गव्हावर जगणाऱ्या राष्ट्रांची भूक रसायनशास्त्रज्ञांनाच भागवावी लागेल. जुलै १९०९ मध्ये कार्लस्रूह इथं फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्योल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन, धातूच्या उत्प्रेरकावरून नायट्रोजन आणि हायड्रोजन नेऊन अमोनियाचे थेंब टपकताना दाखवले. कार्ल बॉश यांनी ते यंत्र कारखान्याएवढं केलं, आणि १९१३ साली ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. जिवाणू जे काम थंड मातीत गाजावाजा न करता करतो, त्यासाठी माणसाला सुमारे ५०० अंश उष्णता आणि हवेच्या दोनशे पट दाब लागला. तरी ते साधलं, आणि आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न त्या शोधावर उभं आहे.

पण पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. इंग्रजांच्या आरमारानं चिलीची वाट अडवली तेव्हा जर्मनीचा दारूगोळा याच अमोनियातून आला. खुद्द हाबर क्लोरीन घेऊन आघाडीवर गेले. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रला तो वायू सोडला गेला, आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांची पत्नी क्लारा इमरवार, स्वतः रसायनशास्त्रातल्या डॉक्टर, यांनी त्यांच्याच पिस्तुलानं जीवन संपवलं. १९२१ साली ओप्पाऊच्या कारखान्यातला खताचा ढीग फुटला आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरुत बंदरातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलेलं आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. एकच वस्तू पोटही भरते आणि माणसंही उडवते, याचं उत्तर त्याच्या स्वभावात आहे. नत्राचे अणू एकमेकांपासून तोडलेले असतात तेव्हा त्यांना पुन्हा जोडी जमवायची ओढ असते. संधी मिळाली की ते एकाच क्षणी जोडीदाराकडे धावतात, आणि मिठी सोडवायला जेवढं बळ खर्ची पडलेलं असतं ते त्या क्षणी बाहेर पडतं. स्फोट म्हणजे त्यांची भेट. त्या भेटीच्या जवळपास माणूस नसावा.

आमच्या घरी युरियाची पहिली गोणी आली तेव्हा मी लहान होतो. पांढरे, साबुदाण्यासारखे दाणे, हातावर घेतले की गार लागायचे. आता गोणी ४५ किलोची असते आणि दाण्यांवर निंबोळीच्या तेलाचा लेप असतो, म्हणजे विरघळलेलं नत्र जरा धिमेपणानं पुढं सरकावं. गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं. म्हणजे एका गोणीत सुमारे २० किलो. तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चारेक टन शेणखत वाहून न्यावं लागतं. ज्यानं बैलगाडीतून खताच्या खेपा टाकल्या आहेत, त्याला ही गोणी खांद्यावर घेताना काय वाटलं असेल, हे मी आबांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आठवड्याभरात ज्वारीला काळोखी आली. ‘काळोखी’ हा आमच्याकडचा पिकाच्या गर्द हिरवेपणाचा शब्द. त्या वर्षी कणगी भरली. म्हणून युरियाला शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहू शकत नाही. ज्यांनी दुष्काळात मिलो ही परदेशी ज्वारी खाल्ली आहे, त्यांच्या घरात मी वाढलो.

तरी त्या काळोखीनं आमचे डोळे दिपले, हेही खरं. पीक हिरवं दिसतंय तोवर आणखी एक मूठ. पीक माजलं की वाऱ्यानं लोळायचं. कोवळ्या, रसाळ पानांवर मावा आणि तुडतुडे तुटून पडायचे, मग फवारणी. आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागते. रानात नत्र आयतं मिळू लागलं की हरभरा मुळांवर गाठी धरायचं कमी करतो. साखर मोजून पाहुणा पोसायची गरज त्याला उरत नाही. हजारो पिढ्यांची ती सोयरीक एका मुठीनं थंडावते.

पिकाला घातलेल्या युरियातलं निम्म्याहून कमी पीक उचलतं. राहिलेलं कुठं जातं? उन्हात उघड्यावर टाकलेल्यातला काही भाग अमोनिया होऊन उडतो. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत, बोअरमध्ये येतो. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तिच्या फार वर गेलं की तान्ह्या बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहीनासं होतं आणि बाळ निळं पडतं. ज्या चौरंगावर लोह बसलेलं असतं, त्याच्याशीच हा दगा. काही भाग शहरांच्या सांडपाण्याला मिळतो. पवना-मुळेच्या पात्रावर उन्हाळ्यात जी हिरवीगार जलपर्णी पसरते आणि पुलावरून जाणाऱ्याला क्षणभर बाग वाटते, ती ओला कचरा, मैला आणि खतांच्या नत्र-स्फुरदावर पोसलेली असते. तिच्या खाली मासे श्वासासाठी तडफडतात.

निसर्गाकडे परतीची वाटही आहे. हवा न पोचणाऱ्या चिखलात, तळ्याच्या तळाशी, काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेऊन श्वास घेतात आणि उरलेल्या अणूंची जोडी लावून त्यांना हवेत सोडून देतात. ‘ते’ पुन्हा ‘तो’ होतं. जगाच्या खुल्या समुद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं अशा तीनच मुख्य जागा आहेत. दोन प्रशांत महासागरात आणि तिसरी आपल्या दाराशी, अरबी समुद्रात, साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या ऑक्सिजन आटलेल्या थरात. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं बोटी नेऊन तो थर मोजला. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातही पावसाळ्याअखेर ऑक्सिजन संपतो आणि ही स्थिती तीव्र होत चालली आहे, असं त्यांनी २००० साली मांडलं. जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांचा त्यात हात असावा असा त्यांचा कयास होता. आणि ही परतीची वाट अर्ध्यात तुटली की बाहेर पडतो नायट्रस ऑक्साईड. दाताच्या दवाखान्यात तो वेदना विसरायला लावतो. हवेत मात्र तो शंभराहून अधिक वर्षं राहतो, कार्बन डाय-ऑक्साईडच्या सुमारे २७० पट उष्णता कोंडतो, आणि वर गेल्यावर ओझोनला पोखरतो.

दरसाल १० कोटी टनांहून जास्त नायट्रोजन आपण कारखान्यांत जोडीदारापासून तोडतो. तोडलेल्यांपैकी निम्मे पिकात पोचतच नाहीत. ते हवेत, विहिरीत, नदीत, समुद्रात रूप पालटत भटकत राहतात. मला त्यांची दया येते. हे वाक्य शास्त्राचं नाही, पण माझं आहे. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत भारतानं पुढाकार घेऊन नत्राच्या काळजीपूर्वक वापराचा ठराव मांडला, आणि त्याच वर्षी कोलंबोत वाया जाणारं नत्र २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची भाषा झाली. मी ती बातमी कात्रून ठेवली आहे. मुळी रानात राहू दे म्हणणाऱ्या माणसाच्या घरात ती ठेवायला जागा होती.

आबा गेले तेव्हा थंडी होती. रानाच्या कडेला, ओढ्याकाठी सरण रचलं. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख नदीत सोडायची नाही, रानातच घालायची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बांधाजवळ खड्डा घेतला, केशर आंब्याचं रोप आणलं. मी राखेचं घमेलं हातात धरून उभा होतो आणि नको असताना शिकलेलं सगळं आठवत होतं. हाडांची राख म्हणजे स्फुरद. लाकडांची राख म्हणजे पालाश. तिसरं यात नाही. ऐंशी वर्षांच्या भाकरीतून, पिठल्यातून, हुलग्याच्या माडग्यातून आबांनी जमवलेलं नत्र परवाच धुराबरोबर गेलं होतं. ज्वारीच्या ताटांवरून वाहणारी हवा आम्ही सगळे श्वासात घेत होतो, आणि तीत ते पुन्हा ‘तो’ होऊन मिसळलं होतं. आत येत होतं, आल्या पावली जात होतं.

राख खड्ड्यात पडली. आत्या इतका वेळ गप्प होती. तिनं राखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नुसत्या राखंवर झाड कसं धरंल?” म्हणाली, आणि पदर खोचून उकिरड्याकडे गेली. मुरलेल्या शेणखताच्या दोन पाट्या तिनं स्वतः डोक्यावरून आणल्या. हातानं राखेत कालवलं, रोप उभं धरायला मला सांगितलं, आणि भोवतीची माती पायानं दाबत एक फेरी घातली.

मग कमरेच्या पिशवीतून मूठभर हरभरा काढून तिनं आळ्याच्या कडेनं टोकला.